इंदोरी पोहे, इंदोरी शेव आणि इंदोरी सायलेन्सर

आपल्या गावाचं नाव महाराष्ट्रात कशाकशाला लागलंय? पोह्यांना, शेवेला... आणि बुलेटवाल्या पोरांना विचाराल तर सायलेन्सरलाही! मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरची तिथल्या बाजारात 'पंजाबी' आणि 'इंदोरी' अशी चालू नावं आहेत. स्वच्छतेत नंबर काढणाऱ्या शहराच्या नावावर हा माल खपतो, याची मला थोडी गंमत वाटते, थोडी लाजही.

माझा भाचा पुण्यात नोकरीला लागला. पहिल्या काही पगारांतून त्याने मीटिअर ३५० घेतली आणि दिवाळीत इंदूरला आला तो "मामा, ओरिजिनल इंदोरी इथूनच घेऊन लावू" हे ठरवूनच. ताईचा फोन त्याच्या आधी आला होता. तो सेकंड शिफ्ट करून रात्री साडेअकराला घरी येतो. माझी आई सध्या त्यांच्याकडे असते, आणि तिची खोली पार्किंगच्या बरोबर वर आहे. मोठ्या मुश्किलीने लागलेली तिची झोप मोडली की पुन्हा लागत नाही.

मी त्याला नाही म्हटलं नाही. पाइप आणला होताच, म्हटलं लावून बघू. काम तसं सोपं आहे. इंजिन पूर्ण थंड हवं. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं, नाहीतर स्टड तुटतो आणि दिवस जातो. फक्त मागचा भाग बदलायचा तर क्लॅम्प आणि हँगरचा बोल्ट, एवढंच. बेंडपाइपही काढायचा असेल तर इंजिनच्या तोंडाचे नट आले, ऑक्सिजन सेन्सर जपून काढणं आलं आणि गॅस्केट नवीच हवी. सगळे बोल्ट आधी हाताने लावायचे, पाइप सरळ बसला की मगच पाना. एकच बोल्ट आधी आवळला तर बाकीची भोकं जुळत नाहीत. आणि सुरू करण्याआधी क्रोमवरचे बोटांचे ठसे पुसा, तापल्यावर ते कायमचे उमटतात.

मग अंगणात गाडी सुरू केली. मोबाईलच्या ॲपवर आकडा आधीपेक्षा दहा डेसिबलने वर गेला. भाच्याला दहा म्हणजे किरकोळ वाटले. पण डेसिबलचं गणित लॉगरिदमचं आहे. दहा वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट, आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. एक सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेटतं. ३००० आरपीएमला सेकंदाला २५ ठोके झाले. हा खालचा, जाड सूर भिंत आणि खिडकी सहज ओलांडतो. सायलेन्सरमधले पडदे आणि कप्पे त्यालाच अडवायला असतात. इंदोरीत आत बघितलं तर जवळजवळ आरपार उजेड दिसतो.

"पण पॉवर वाढते ना?" हा पुढचा प्रश्न. मीटिअरची ताकद सुमारे २० बीएचपी. कंपनीने इंजिन, इंजेक्शन आणि एक्झॉस्ट यांचा हिशोब एकत्र बसवलेला असतो. त्यातला एकच व्हेरिएबल बदलून प्रोग्रॅम वेगाने पळत नाही, हे मी रोज ऑफिसात बघतो. थ्रॉटल सोडल्यावर जो 'फट्-फट्' येतो, तो न जळालेलं पेट्रोल गरम पाइपात पेटल्याचा. पोरं त्याला शान म्हणतात.

कायद्याचंही सांगितलं. १७५ सीसीवरच्या दुचाकीला चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असा बदल करू देत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलाला मालकाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आवाजाच्या कलमाखाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि लायसन्स तीन महिने बाद होऊ शकतं. पुणे-नागपूरच्या पोलिसांनी जप्त सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवलेले व्हिडिओ त्याने आधीच पाहिले होते, त्याचा परिणाम शून्य.

परिणाम झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. मी त्याला आत, आईच्या जुन्या खोलीत बसवलं, दार-खिडकी लावली आणि बाहेर गाडी फक्त चालू ठेवली. टेबलावरच्या स्टीलच्या भांड्याचं झाकण थरथरत होतं. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने बाहेर येऊन पाना मागितला.

जुना सायलेन्सर चढवायला अर्धा तास लागला. इंदोरी माझ्या माळ्यावर आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. लडाखला जाताना लावीन, असं तो म्हणतो. ताईला मी अजून हे सांगितलेलं नाही.