मधले वर्ष आणि मोबाइलचा पडदा

पुण्याहून अहिल्यानगरकडे निघालात, की सुमारे ५० किलोमीटरवर शिरूर तालुक्यातले रांजणगाव लागते. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे हे गाव. आता त्याची आणखी एक ओळख झाली आहे. येथील औद्योगिक वसाहतीत मोटारी, फ्रीज अशा अनेक वस्तू तयार होतात. पाळी बदलण्याच्या वेळी रस्ता कामगारांच्या बसगाड्यांनी भरून जातो.

बारावीनंतर ज्यांना लगेच पुढे शिकता येत नाही, अशी कितीतरी मुले अशा ठिकाणी काम शोधतात. कोणाला फीचे पैसे जमवायचे असतात, कोणाला एखादी परीक्षा पुन्हा द्यायची असते. शिक्षणातल्या या खंडाला सगळे ‘गॅप’ म्हणतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र या वर्षात तुमच्याजवळच्या दोन गोष्टींवर अनेकांचा डोळा असतो : घरच्यांनी दिलेले थोडे पैसे आणि तुमचा मोबाइल नंबर.

समजा, तुम्ही मोबाइलवर ‘रांजणगावात नोकरी’ असे शोधले. एक संकेतस्थळ उघडले. दोन ओळी वाचता न वाचता चौकट येते : ‘सूचना पाठवू का?’ ती बंद केली, की दुसरी : ‘नंबर द्या.’ मग ‘फक्त ३ जागा उरल्या!’ आणि शेजारी उलटे धावणारे घड्याळ. दुसऱ्या दिवशी तेच पान उघडून पाहा. जागा तीनच! चौकट बंद करण्याची फुली तर इतकी बारीक, की बोट जाहिरातीवरच पडते.

हा तुमचा वेंधळेपणा नव्हे. पान मुद्दाम तसे बनवलेले असते. तुमचा नंबर क्लासवाल्यांना, कर्ज देणाऱ्यांना विकता येतो; मग दिवसभर फोन वाजत राहतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांचे १३ प्रकार सांगून त्यांना मनाई केली. खोटी घाई लावणे, ‘नको’ म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा विचारणे, वर्गणी सुरू करणे सोपे पण बंद करणे अवघड ठेवणे, हे त्यांतलेच प्रकार.

येथे एक गंमत सांगतो. उर्दूत ‘तकरार’ म्हणजे पुन्हा पुन्हा तेच म्हणणे, किंवा वादावादी. मराठीत ‘तक्रार’ म्हणजे गाऱ्हाणे. संकेतस्थळ उर्दूतली तकरार करू लागले, तर तुम्ही मराठीतली तक्रार करा! त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. नकोशा जाहिरातींचे फोन थांबवण्यासाठी १९०९ वर नोंद करता येते.

खरे नुकसान पुढच्या पायरीवर होते. ‘निवड झाली’ असा निरोप येतो आणि नोंदणीचे, गणवेशाचे किंवा ओळखपत्राचे पैसे मागितले जातात. तेथेच थांबा. काम देणारा पगार देतो. तो तुमच्याकडून पैसे कशासाठी मागेल? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार कारखान्यात शिकणाऱ्यालासुद्धा विद्यावेतन द्यावे लागते. राष्ट्रीय करिअर सेवा या सरकारी संकेतस्थळावर नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. जाहिरातीत कंपनीचे मोठे नाव दिसले, तर त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ती जागा आहे का, हे पाहा. जमल्यास कोणा मोठ्या माणसाबरोबर कारखान्याच्या फाटकावर जाऊन विचारा. एका फेरीचे बसभाडे जाईल, पण खात्री होईल.

ओटीपी कोणालाही सांगू नका. आधारची प्रत द्यावीच लागली, तर शेवटचे चारच अंक दिसतील अशी ‘मास्क्ड’ प्रत द्या. ती आधारच्या सरकारी संकेतस्थळावर मिळते. पैसे गेलेच, तर रडत बसू नका आणि घरी लपवूही नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवले जातात. फोन लवकर गेला, तर बँकेला ते वाटेतच अडवता येण्याचा संभव असतो. आलेले निरोप पुसू नका. तक्रारीच्या वेळी ते लागतात.

काम मिळाले, तर त्याचे कागद सांभाळा. पुढच्या वर्षी प्रवेश घेताना महाविद्यालय बहुधा ‘गॅप सर्टिफिकेट’ मागते, म्हणजे मधल्या वर्षी काय केले याचे लेखी निवेदन. तेव्हा नेमणुकीचे पत्र आणि पगाराच्या पावत्या गुणपत्रिकेच्याच फाइलमध्ये ठेवा.