धातूचे कवच

महापे हे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील गाव. राज्याच्या ज्या वीजजाळ्यातून तेथील कारखान्यांना वीज मिळते, त्यास कोराडी व चंद्रपूर येथील औष्णिक केंद्रे वीज पुरवितात. या केंद्रांच्या बॉयलरमध्ये कोळसा जळतो आणि पोलादी नळ्यांतील पाण्याची वाफ होते. तप्त वायू व वितळलेले क्षार या नळ्यांना खातात. वेगाने उडणारी राख त्यांना घासते. झिजलेली नळी फुटली, की वीजनिर्मिती थांबते.

अन्न कळकू नये म्हणून पितळेच्या भांड्यास कल्हई करतात. तसेच कवच या नळ्यांना देतात. प्रथम पृष्ठभाग खरखरीत करतात. नंतर निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची पूड ज्वालेत तापवून वेगाने त्यावर फवारतात. तिचे मऊ झालेले कण आदळून चपटे होतात व परस्परांना बिलगतात. असा मिलिमीटरहूनही पातळ थर तयार होतो. धातू फवारण्याची ही रीत विसाव्या शतकाच्या आरंभी स्वित्झर्लंडच्या माक्स शूप यांनी शोधली.

उष्णतेने या थरातील क्रोमियमवर ऑक्साइडचे घट्ट पटल धरते. ते प्राणवायूला सहसा आत शिरू देत नाही. कालांतराने कवच झिजते. परंतु ते पुन्हा चढविता येते, आणि मूळ नळी शाबूत राहते.