वानखेडेवरची हुर्यो आणि मालकाचे कान

१ एप्रिल २०२४ ची संध्याकाळ. वर्क फ्रॉम होम असल्यामुळे मी सौंसरला ताईकडे होतो. नाणेफेकीला हार्दिक पांड्या आला आणि वानखेडेवर नुसती हुर्यो उडाली. संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना ‘नीट वागा’ असं सांगावं लागलं. इकडे माझा भाचाही, रोहितच्या नावाची जर्सी घालून, सोफ्यावर उभा राहून ओरडत होता. मध्येच त्यानं विचारलं, ‘‘मामा, एवढे लोक ओरडतायत तर मालक कॅप्टन बदलतील ना?’’

मी ‘हो’ म्हणालो. चुकलो.

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सनं पाच वेळा जिंकून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी हार्दिकला आणलं. काही तासांत टीमचे लाखो फॉलोअर्स कमी झाले. त्या मोसमात चौदापैकी दहा सामने हरून टीम तळाला गेली. तरी २०२५ ला कर्णधार हार्दिकच!

असं का? पैसा कुठून येतो ते बघा. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. त्यातला मोठा वाटा दहा टीमना मिळतो. करार आधीच झालेला. आपण ॲप डिलीट केलं तरी मालकाच्या त्या वर्षीच्या हिशेबात काही हलत नाही. आणि खरं सांगू? भाच्यानं एकही मॅच चुकवली नाही. हार्दिक हरताना बघायला तो जास्तच चिकटून बसायचा. बटणाला मागे वायरच नसेल, तर ते कितीही जोरात दाबा!

कोलकात्यातही हेच झालं होतं. २०११ च्या लिलावात सौरव गांगुलीला त्याच्याच शहराच्या टीमनं घेतलं नाही, तेव्हा ‘नो दादा, नो केकेआर’ म्हणत लोक रस्त्यावर आले. मालक ढिम्म. २०१२ मध्ये गंभीरच्या टीमनं कप जिंकला आणि तेच शहर नाचलं.

पण जर्मनीची गोष्ट वेगळी आहे. तिथे बहुतेक फुटबॉल क्लबमध्ये मतांचं बहुमत सभासदांकडे, म्हणजे चाहत्यांकडेच असतं. लीगनं बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं ठरवलं, तर लोकांनी मैदानात टेनिस बॉल आणि चॉकलेटची नाणी फेकली. सामने थांबायला लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगनं बेत सोडला. (फेकाफेकी म्हटल्यावर आपल्या पांढुर्ण्याची गोटमार आठवली असेल. आपल्याकडे प्रशासनानंच रबरी चेंडू पुरवले होते, लोकांनी दगडच उचलले.)

गावातल्या टेनिस बॉल स्पर्धेचं बघा ना. वर्गणी आपली, म्हणून आयोजकानं घोळ घातला की चौकात त्याला जाब विचारता येतो. आयपीएलच्या टीमला आपण ‘आपली’ म्हणतो, पण तिथे आपली वर्गणी नाही, मत नाही. आहे ती फक्त माया, आणि ती मालकाला फुकटात मिळते. मला हे जरा लागतंच.

२९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाची शेवटची ओव्हर हार्दिकनंच टाकली. पाच दिवसांनी त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयजयकार झाला. भाचाही टीव्हीपुढे नाचला. मग त्यानं मला विचारलं, ‘‘मामा, आपली टीम विकत घ्यायला किती पैसे लागतात?’’

मी आकडा सांगितला नाही. त्याचा गल्ला अजून भरायचा आहे.