रक्तदाबाचा हिसाब : वरचा आकडा, खालचा आकडा

दुकानदाराला मालाचा भाव, उधारीची रक्कम आणि हप्त्याची तारीख तोंडपाठ असते. पण आपला रक्तदाब किती, असे विचारले तर पुष्कळांना सांगता येत नाही. "डॉक्टर म्हणाले, थोडा जास्त आहे," एवढेच लक्षात राहते. हा विषय व्यापाराच्या पानावर घेण्याचे कारण उघड आहे. आपल्या धंद्यात आजारपणाची रजा नाही की बसून पगार नाही. मिरजेच्या सतारमेकराचा, विट्याच्या यंत्रमागवाल्याचा किंवा साताऱ्याच्या शिंप्याचा हात अर्धांगवायूने गेला, तर घरची कमाईच थांबते. आणि अर्धांगवायूच्या कारणांत वाढलेला रक्तदाब हे सर्वांत मोठे कारण आहे.

हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलते, त्या वेळचा रक्तवाहिन्यांतील दाब म्हणजे वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल असताना राहणारा दाब म्हणजे खालचा आकडा. इटलीचे डॉ. रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे यंत्र तयार केले. रशियाचे डॉ. कोरोत्कोव यांनी १९०५ मध्ये नळीने आवाज ऐकून दोन्ही आकडे घेण्याची रीत दाखवली. आता बॅटरीची यंत्रे आली, पण आकड्यांचा अर्थ तोच आहे.

मोठ्या माणसाचा दाब १२०/८० च्या आत असणे चांगले. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून तो १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. घरी मोजताना ही हद्द १३५/८५ धरतात. दोहोंपैकी एकच आकडा वाढलेला असला तरी दुर्लक्ष करू नये. मात्र १८०/१२० च्या वर दाब आणि सोबत छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा हातपाय लुळे पडणे असे काही दिसले, तर घरगुती उपायात वेळ न घालवता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

माप बरोबर घेणे महत्त्वाचे. आम्हा कापडवाल्यांना ठाऊक आहे की गज आखूड असला तर कापड जास्त भरते. तसेच जाड दंडाला लहान पट्टा बांधला की दाब जास्त दिसतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. बाही वर करून हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून आकडे तारखेसह वहीत लिहावेत.

हा आजार बहुधा काहीच त्रास देत नाही, म्हणून तो मोजल्याशिवाय कळत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील शंभरांपैकी २४ पुरुष आणि २१ स्त्रिया यांचा दाब वाढलेला किंवा त्यासाठी औषध चालू असल्याचे आढळले. २०१७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहभागाने सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सातारा जिल्हा होता. सरकारी केंद्रात दाब मोजणे, ठरलेली स्वस्त औषधे देणे आणि रुग्णाची नोंद ठेवून त्याला पुन्हा बोलावणे, एवढीच त्याची साधी पद्धत. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. सांगलीकरांना सांगलीचे सिव्हिल आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे.

गोळीने आकडा उतरला की "बरे झालो" म्हणून गोळी बंद करणारे बरेच भेटतात. आकडा गोळीमुळे उतरलेला असतो. ती बंद केली की तो पुन्हा चढतो. रमजानपूर्वी डॉक्टरांना भेटून गोळ्यांची वेळ सहरी-इफ्तारप्रमाणे ठरवून घ्यावी. तब्येत साथ देत नसेल तर शरीअतने आजारी माणसाला रोज्याची सवलत दिलेली आहेच.

दिवसभरात मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे चहाच्या एका चमच्याच्या आत असावे. लोणचे, पापड, खारी, फरसाण यांतले मीठही त्यातच मोजावे. दिवसभर गादीवर बसणाऱ्यांनी रोज अर्धा तास तरी झपाझप चालावे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बांधवाने, आणि घरातील बायकांनीही, या आठवड्यातच दाब मोजून घ्यावा. सेहत ही अल्लाहची अमानत आहे आणि तिचा हिसाब वेळेवर ठेवणे आपले काम आहे.