घरणीत जिताडा येईल का?

शिरूर अनंतपाळच्या एका वाचकाने विचारलंय, ‘घरणी धरणावर गळ टाकून बसलं की फार तर मरळ लागतो. मोबाइलवर ऑस्ट्रेलियातली मंडळी हातभर बॅरामुंडी उचलून फोटो काढतात. तो आपल्याकडे मिळतो का?’

मिळतो की! तोच रायगडचा जिताडा, बंगालची भेटकी आणि आंध्रचा पंडुगप्पा. घरणीचं पाणी मांजरेतून कंदकुर्तीला गोदावरीत जातं आणि जिथे गोदावरी समुद्राला मिळते, त्या खाडीत हा मासा आहेच. पण वाटेत निजामसागरसारखी धरणं आहेत, आणि मासा काही भिंत चढत नाही.

समजा, पिल्लं आणून सोडली तर? जगतील, वाढतीलही. अलिबाग-पेणचे शेतकरी पावसाळ्यात खाडीतली पिल्लं धरून घरामागच्या गोड्या तळ्यात सोडत आलेत. पण अंडी घालायला जिताड्याला खारं पाणीच लागतं. शिवाय तो पक्का मांसाहारी. धरणातल्या मासेमारीचा ठेका घेतलेल्या संस्थेला आधी विचारा, त्यांचं कटल्याचं बोटुकलं त्याच्या पोटात गेलेलं चालेल का!

त्याची शिकार बघण्यासारखी असते. तो भक्ष्याचा पाठलाग करत बसत नाही. आडोशाला दबा धरतो आणि जवळ आलं की जबडा असा झटक्यात उघडतो, की पाण्यासकट कोळंबी आत ओढली जाते. ‘भप्प’ असा आवाज काठावर ऐकू येतो. गळवाले त्या आवाजावर जीव टाकतात. गळ काढताना मात्र कल्ल्याच्या झाकणाची कड सांभाळा, पात्यासारखी कापते.

खरी गंमत पुढेच आहे. जिताडा वयात येतो तो नर म्हणून. काही वर्षं नर म्हणून काढतो आणि साधारण मीटरभर लांब झाला की मादी होतो. पापुआ न्यू गिनीतल्या माशांचा अभ्यास करून मूर या संशोधकाने १९७९ मध्ये हे मांडलं. म्हणजे ज्या मीटरभर माशाला उचलून ‘काय नर आहे!’ म्हणत फोटो काढतात, ती बहुधा कोट्यवधी अंडी घालणारी आई असते.

म्हणूनच क्वीन्सलँडच्या नियमात ५८ सेंटीमीटरहून लहान बॅरामुंडी तर सोडावा लागतोच, पण काही धरणं वगळता १२० सेंटीमीटरहून मोठाही घरी नेता येत नाही.