पाण्यात पडलेल्या व्यक्तीकडे बोट कशी न्यावी?
वेकबोर्ड, बनाना राईड आणि इतर ओढ-क्रीडांच्या वेळी घ्यावयाची काळजी

वेगवान बोटीच्या मागे दोर बांधून, पायांखाली फळी घेऊन पाण्यावरून सरकत जाणे, या खेळास वेकबोर्ड म्हणतात. तारकर्ली, मालवण, गोवा, अंदमान यांसारख्या ठिकाणी सुटीसाठी जाणाऱ्या कुटुंबांना बनाना राईड आणि बंपर राईड अधिक परिचित आहेत. या सर्व खेळांत एक गोष्ट समान आहे. पडणे हा त्यांतील अपघात नसून खेळाचाच भाग आहे. धोका बहुधा त्यानंतर सुरू होतो, कारण पडलेल्या व्यक्तीला घेण्यासाठी बोट तिच्याच दिशेने परत येत असते.

ही परतीची फेरी सौजन्याने आणि संयमाने पार पाडणे म्हणजे केवळ शिष्टाचार नव्हे. बुडणे, पंख्याने होणारी इजा आणि धडक, हे तिन्ही धोके त्यामुळे टळतात. बोट चालविणाऱ्यांनी ही माहिती आत्मसात करावी. बोटीत बसणाऱ्या कुटुंबांनीही ती जाणून घ्यावी, म्हणजे गैरप्रकार दिसल्यास ‘थांबा’ असे सांगता येईल.

पडल्यानंतरचे पहिले काही क्षण

वेकबोर्डची बोट साधारणपणे ताशी ३० किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे दर सेकंदास सुमारे ८ मीटर. दोराची लांबी सुमारे २० मीटर असते. पडल्याचे ३ सेकंद उशिरा लक्षात आले, तरी बोट आणि व्यक्ती यांच्यातील अंतर ४० मीटरांहून अधिक होते. उन्हात चकाकणाऱ्या पाण्यात नारळाएवढे डोके एवढ्या अंतरावरून सहज दिसत नाही. मागून येणाऱ्या दुसऱ्या बोटीस तर ते मुळीच दिसत नाही.

म्हणून चालकाव्यतिरिक्त एक प्रौढ व्यक्ती बोटीत सतत मागे तोंड करून बसलेली असावी. स्वारावर लक्ष ठेवणे एवढेच तिचे काम. स्वार पडताच तिने मोठ्याने तसे सांगावे, हात त्याच्या दिशेने रोखून धरावा आणि बोट त्याच्याजवळ पोहोचेपर्यंत नजर काढू नये. चालकाने समोर पाहावे, निरीक्षकाने मागे. एकाच माणसाने दोन्हीकडे पाहू नये.

पडलेल्या व्यक्तीने शुद्धीवर असल्यास दोन्ही हात डोक्यावर उंच जोडून ‘मी ठीक आहे’ अशी खूण करावी. खूण न दिसल्यास व्यक्ती जखमी आहे असे समजूनच पुढील कृती करावी.

जोरात वळण का घेऊ नये?

स्वार पडल्याबरोबर पूर्ण वेगातच बोट गर्रकन वळवून त्याच्याकडे नेण्याची सवय अनेक चालकांना असते. त्यामुळे वेळ वाचल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात अडचणी वाढतात. वळताना बोटीमागे उठलेल्या लाटा पडलेल्या व्यक्तीच्या तोंडावर येतात. धाप लागलेली व्यक्ती नेमकी त्याच क्षणी श्वास घेत असते. लाइफ जॅकेट तिला तरंगत ठेवते. परंतु तोंडावर येणारी लाट ते अडवू शकत नाही.

याच लाटा पुढे किनाऱ्याजवळ पोहणारी मुले, लहान होड्या आणि जाळी टाकणारे मच्छीमार यांच्यापर्यंत पोहोचतात. बोटीत बसलेली माणसे एका बाजूस फेकली जाऊ शकतात. शिवाय मध्यम वेगात बोटीचे नाक वर उचलले जाते आणि समोरचे पाणी चालकाच्या नजरेआड होते. ज्या माणसाकडे आपण जात आहोत तोच दिसेनासा होतो.

योग्य पद्धत

१. स्वार पडताच बोट सरळ ठेवून थ्रॉटल हळूहळू पण न थांबता सर्वांत कमी वेगावर आणावे. एकदम खेचल्यास बोटीची स्वतःची लाट मागून आत येऊ शकते.

२. चारही बाजूंस पाहून, दुसरी बोट जवळ नसल्याची खात्री करून मगच सावकाश वळावे.

३. आलेल्या मार्गानेच, माणूस चालतो तेवढ्या वेगाने परतावे. त्यामुळे लाटा इतरत्र पसरत नाहीत आणि पाणी लवकर शांत होते.

४. पडलेली व्यक्ती नेहमी चालकाच्या बाजूस राहील अशी बोट ठेवावी. सुकाणू उजवीकडे असल्यास व्यक्तीही उजवीकडे. ती एक क्षणही बोटीच्या नाकाखाली किंवा पाठीमागे जाऊ देऊ नये.

५. वारा जोराचा असल्यास वाऱ्याकडे तोंड करून यावे. वारा पाठीशी असल्यास तो बोटीला व्यक्तीच्या अंगावर ढकलतो.

६. पुन्हा दोर द्यावयाचा असल्यास काही मीटर अंतर ठेवून व्यक्तीभोवती संथ वळसा घ्यावा. दोराची दांडी आपोआप तिच्या हाताशी येते. दोर हाताला अथवा बोटांना कधीही गुंडाळू नये. सैल दोर पंख्यापासून दूर ठेवावा.

७. व्यक्तीला बोटीत घ्यावयाचे असल्यास ती शिडीजवळ येण्यापूर्वीच इंजिन पूर्ण बंद करावे. केवळ गिअर काढणे पुरेसे नाही, कारण चुकून धक्का लागल्यास पंखा पुन्हा फिरू शकतो.

८. व्यक्तीच्या दिशेने बोट कधीही उलटी, म्हणजे मागे मागे, नेऊ नये.

शेवटच्या दोन सूचनांमागील कारण साध्या गणिताने समजते. तीन पात्यांचा पंखा मिनिटास ३,२०० फेरे घेत असल्यास तो एका सेकंदात १६० वेळा आघात करू शकतो. हात मागे घेण्यास माणसाला तेवढा अवधी मिळत नाही. चालकाने इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी स्वतःच्या शरीरास अथवा लाइफ जॅकेटला अडकवलेली असावी. तो स्वतः पाण्यात पडल्यास इंजिन आपोआप बंद होते.

बोलण्यातील सौजन्य

जवळ पोहोचल्यावर प्रथम विचारावे : “ठीक आहात ना? कुठे लागले का? पुन्हा उभे राहायचे की बोटीत यायचे?” उत्तर ऐकून घ्यावे. हसणे, चिडवणे किंवा ‘आणखी एकदा कराच’ असा आग्रह धरणे टाळावे. दमलेला माणूस चारचौघांत कमीपणा वाटू नये म्हणून होकार देतो, आणि पुढच्या वेळी पडल्यावर त्याच्या अंगात दांडी धरण्याचेही त्राण उरत नाही. दात वाजणे, उत्तरास विलंब लागणे, हात उचलता न येणे, यांपैकी काहीही दिसल्यास खेळ तेथेच थांबवावा. लहान मुलांच्या बाबतीत हा निर्णय मोठ्यांनी घ्यावा.

बोटीत घेतल्यानंतर काय पाहावे?

वेगात पाण्यावर आपटणे हे डोक्यासाठी किरकोळ नसते. डोकेदुखी, उलटी, गोंधळ, घडलेले न आठवणे किंवा दोन-दोन दिसणे ही लक्षणे असल्यास त्या व्यक्तीला पुन्हा पाण्यात उतरू देऊ नये, डॉक्टरांना दाखवावे. मान दुखत असल्यास किंवा हातापायांस मुंग्या येत असल्यास मान हलू न देता मदत मागवावी.

बोटीच्या मागील फळीवर बसणेही सुरक्षित नसते. इंजिन चालू असताना तेथे कार्बन मोनॉक्साइड हा वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही त्याची लक्षणे बोट लागल्यासारखीच वाटतात. अशा व्यक्तीस तत्काळ मोकळ्या हवेत आणावे आणि इंजिन बंद करावे.

व्यक्ती प्रतिसाद देत नसल्यास व श्वास नीट चालत नसल्यास :

• तिला कठीण, सपाट पृष्ठभागावर उताणे झोपवावे. पोट दाबून पाणी काढण्याचा प्रयत्न करू नये. त्यात वेळ जातो आणि पोटातील पदार्थ श्वासमार्गात शिरू शकतात.

• बुडालेल्या व्यक्तीला प्रथम श्वासाची गरज असते. प्रशिक्षण असल्यास तोंडाने श्वास देऊन सुरुवात करावी. त्यानंतर छातीच्या मध्यभागी ३० दाब आणि २ श्वास असा क्रम चालू ठेवावा. दाबाचा वेग मिनिटास १०० ते १२० असावा. प्रशिक्षण नसल्यास केवळ छाती दाबत राहावे.

• दुसऱ्या व्यक्तीने त्याच वेळी ११२ किंवा १०८ या क्रमांकावर संपर्क साधावा. समुद्रात असल्यास भारतीय तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे.

• पंख्याने जखम झाल्यास स्वच्छ कापडाने घट्ट व सलग दाब द्यावा. कापड पुन्हा पुन्हा उचलून पाहू नये.

श्वासमार्गात पाणी गेलेली व्यक्ती सावरल्यासारखी दिसली तरी तिला रुग्णालयात न्यावे. श्वासाचा त्रास काही तासांनंतरही वाढू शकतो.

बोटीत बसण्यापूर्वी

प्रत्येकासाठी अंगाला बसेल असे लाइफ जॅकेट आहे का, मागे पाहणारी स्वतंत्र व्यक्ती आहे का, आणि कोणी पडल्यास बोट कशी परत आणणार, हे तीन प्रश्न चालकास अवश्य विचारावेत. उत्तर समाधानकारक नसल्यास त्या बोटीत बसू नये. मद्यपान केलेल्या चालकाची बोट कोणत्याही कारणास्तव स्वीकारू नये.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने २०२१ मध्ये २५ जुलै हा दिवस बुडण्यास प्रतिबंध करण्यासाठी निश्चित केला. बुडण्याच्या बहुसंख्य घटना टाळता येण्याजोग्या असतात. सावकाश घेतलेल्या परतीच्या फेरीस एखाद-दोन मिनिटे अधिक लागतात. पाण्यातील माणूस सुखरूप वर येण्यासाठी तेवढी मिनिटे अवश्य द्यावीत.