उकिरड्याचा वारसा

सकाळी सातच्या सुमारास पेणच्या कुंभार आळीत घंटागाडी शिरते, तेव्हा गणपतीच्या कारखान्यांची दारं उघडत असतात. एका दाराशी बादली ठेवलेली असते. तीत आदल्या दिवशी सांडून दगडासारखं घट्ट झालेलं प्लास्टर, रंगाचा रिकामा डबा, फाटकी रद्दी आणि सगळ्यांवर ओतलेलं दुपारचं खरकटं. रद्दीचा पुन्हा कागद झाला असता, डबा भंगारात गेला असता, खरकट्याचं खत झालं असतं. एकत्र भिजल्यावर मात्र कशाचंच काही होत नाही. कचऱ्याचं दुखणं असं दारातल्या बादलीत सुरू होतं.

कोकणात हे दुखणं फार जुनं नाही. परसदारी उकिरडा असे. मासे धुतलेलं पाणी माडाच्या आळ्यात, खरकटं गुरांपुढे, शेण, राख आणि पाचोळा उकिरड्यात. आणि पावसाच्या तोंडावर तोच उकिरडा टोपल्यांनी शेतात. उकिरड्याला कुणी मान दिला नाही, पण त्याची शिस्त कडक होती. जे मातीला मिळतं तेच त्यात पडे. पुढे घरांच्या जागी इमारती आल्या, परसदार गेलं आणि उकिरड्याचं काम नगरपरिषदेच्या अंगावर आलं.

२०११ च्या जनगणनेत पेणची लोकसंख्या सुमारे ३८ हजार होती, तर कुंडलिका नदीच्या दोन काठांवर वसलेल्या रोहा-अष्टमीची सुमारे २१ हजार. लहान शहरात माणशी रोज अडीचशे ते तीनशे ग्रॅम कचरा धरतात. या हिशेबानं तेवढ्याच वस्तीला पेणमध्ये रोज नऊ ते अकरा टन आणि रोह्यात पाच-सहा टन कचरा उचलावा लागतो. त्यातला जवळपास निम्मा ओला असतो. तो वेगळा आला आणि गावातच जिरला, तर वाहून न्यायचं ओझं तिथेच अर्ध्यावर येतं.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग दारातच करायला सांगितले. ज्याचं काहीच होऊ शकत नाही, तेवढंच जमिनीत पुरायचं, असंही बजावलं. कागदावर ही जबाबदारी मुख्याधिकाऱ्यांची. प्रत्यक्षात ती स्वच्छता निरीक्षक, मुकादम आणि गाडीमागे चालणाऱ्या कामगाराच्या हातांवर येते. आपण न गुंडाळता टाकलेली फुटकी काच त्याच हातांना लागते. बादली वेगळी ठेवणं ही आधी माणुसकी आहे, नियम त्यानंतरचा.

वेगळा आलेला ओला कचरा शेडमध्ये पोचला की खरी कारागिरी सुरू होते. खताचा ढीग जिवंत असतो. त्यातल्या जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे तीसेक भाग लागतात. मासळी बाजारातली आतडी-खवलं नत्रानं भरलेली. ती एकटी पडली तर दुर्गंधी सुटते. त्यांना पाचोळ्याची जोड द्यावी लागते. पेणच्या पोहे आणि भाताच्या गिरण्यांतलं तूस लवकर कुजत नाही, पण ढिगात हवेला वाट ठेवतं. ढीग जमला की आत ५५ ते ६५ अंशांपर्यंत ऊब चढते आणि रोगजंतू मरतात. जाणता कामगार लोखंडी सळई ढिगात खुपसतो, थोड्या वेळानं काढून हाताला लावतो. सळई चटका देत असेल तर काम चाललंय. मूठभर माल दाबल्यावर दोन-चार थेंब गळाले तर ओल योग्य. धार लागली तर पाचोळा हवा. सडक्या अंड्याचा वास आला तर हवा कोंडली, ढीग पालथा घाला.

ही विद्या आपल्याच मातीतली आहे. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी भिंतीत झरोके ठेवलेलं, १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच विटांचं टाकं रूढ केलं. तीन-चार महिन्यांत खत देणारी ही पद्धत त्यांच्या नावावरून ‘नाडेप’ म्हणून देशभर गेली.

पेण आणि रोहा ज्या रायगड जिल्ह्यात आहेत, तिथे मात्र पावसाशी गाठ असते. वर्षाला सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस पडतो. उघड्यावरच्या ढिगातलं काळं पाणी ओढ्यानाल्यांतून पेणला भोगावती नदीत आणि रोह्याला कुंडलिकेत उतरतं, आणि पुढे खाडीत, जिथून आपल्या ताटातली मासळी येते. म्हणून इथे शेडचं छप्पर आणि पाणी अडवणारी पक्की जमीन हा चैनीचा खर्च नव्हे.

दोन्ही गावांची आणखी एकेक गाठ वेगळी आहे. पेणची गाठ प्लास्टर ऑफ पॅरिसची. सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये दिला. तलावात उरलेल्या गाळाचं काय करायचं, याचं एक उत्तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं आधीच शोधलं होतं. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टर विरघळवलं की अमोनियम सल्फेट हे खत आणि कॅल्शियम कार्बोनेट मिळतं. निर्माल्याचं खत करण्याची वाट रेवदंड्याच्या डॉ. नानासाहेब धर्माधिकारी प्रतिष्ठानच्या श्रीसदस्यांनी जिल्ह्याला दाखवली आहे.

रोह्याची गाठ धाटावच्या रासायनिक कारखान्यांची. त्यांचा घातक कचरा घंटागाडीचा नव्हेच. त्याला वेगळा कायदा आहे आणि त्यासाठी तळोज्यासारखी स्वतंत्र केंद्रं आहेत. रसायनाचं एक रिकामं पिंपसुद्धा गावच्या कचऱ्यात मिसळता कामा नये, कारण त्यानंतर त्या ढिगाचं खत कुठल्याच शेताला देता येणार नाही.

हे सगळं लहान नगरपरिषदेला झेपतं का? वेंगुर्ल्यात मुख्याधिकारी रामदास कोकरे असताना तिथल्या कचरा डेपोचं पर्यटनस्थळ झालं. ओल्या कचऱ्याचं खत आणि गॅस, प्लास्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यात. पुढे त्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या कर्जतमध्येही तशीच घडी बसवली. दोन्ही गावं पेण-रोह्यासारखीच लहान. दोन्हीकडे कामाची सुरुवात घराघरांतल्या वर्गीकरणापासून झाली.

मशीन विकत घेता येतं, शेड बांधता येते. उकिरड्याची शिस्त मात्र घरातूनच यावी लागते. भाजीला कापडी पिशवी न्यावी, माडाचं एखादं आळं उरलं असेल तर मासे धुतलेलं पाणी त्यातच ओतावं. आणि कुंभार आळीतल्या त्या दाराशी एका बादलीच्या जागी वेगवेगळ्या बादल्या ठेवाव्यात. आजीनं परसदारी जे रोज केलं, तेच आता आपण उंबऱ्यावर करायचं आहे.